हाटकेशला दिवसभर टिकणारी बॅटरी मोखाड्याला दुपारीच का संपते? फोन आणि टॉवरमधला हिशोब समजून घ्या

हाटकेश (मीरा-भाईंदर) : मीरा रोड पूर्वेच्या हाटकेश उद्योग नगरात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूरकडची बरीच माणसं कामाला आहेत. सकाळी चार्जिंगवरून काढलेला फोन इथं रात्रीपर्यंत पुरतो. गाणी, व्हिडिओ, घरी दोन-चार फोन, सगळं होऊनही थोडी बॅटरी शिल्लक राहते. तोच फोन आणि तेच सिम घेऊन माणूस होळीला किंवा बोहाड्याला गावी गेला की दुपारच्या जेवणालाच बॅटरी लाल होते. गावात वापर उलट कमी असतो, कारण नेट नीट चालत नाही. मग बॅटरी खातं कोण?

फोन जुना झाला, चार्जर डुप्लिकेट निघाला, गावच्या लाईटीला दाब नाही, अशी कारणं नेहमी ऐकायला मिळतात. काही वेळा ती खरीही असतात. पण फोन गावात गेल्यावरच तसा वागत असेल आणि परत हाटकेशला आल्यावर सुधारत असेल, तर बॅटरीचा दोष नाही. फोनला तिथं टॉवरपर्यंत आवाज पोचवायला जास्त ताकद लावावी लागते, आणि ती ताकद बॅटरीतून येते.

विषय बॅटरीचा असला तरी तो किरकोळ नाही. पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस जाते. रात्री घरात कुणाला साप चावला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, १०८ ला फोन करायचा आणि फोन तीन टक्क्यांवर. म्हणून फोन ताकद कशी लावतो आणि कशी वाचवतो हे माहीत असलेलं बरं.

फोन कधी कुजबुजतो, कधी ओरडतो

मोबाईल म्हणजे दोन्ही बाजूंनी चालणारा रेडिओ. टॉवर बोलतो ते फोन ऐकतो, फोन बोलतो ते टॉवर ऐकतो. शेतात दोन माणसं शेजारी उभी असली तर हळू बोलून भागतं. एक माणूस बांधाच्या या टोकाला आणि दुसरा ओढ्यापलीकडं असेल तर हाळी द्यावी लागते. फोनही तसंच करतो, फक्त किती जोरात बोलायचं हे तो स्वतःच्या मनानं ठरवत नाही. टॉवर त्याला सारखं सांगत असतो, ‘वाढव’, ‘कमी कर’.

जुन्या बटणाच्या टू-जी फोनमध्ये ९०० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ताकद २ वॉट होती आणि कमीत कमी सुमारे ३ मिलिवॉट. मधे १५ पायऱ्या. टॉवर जवळ असला की फोन एकेक पायरी उतरत खाली यायचा. त्या काळी फोन रेडिओजवळ ठेवला की रिंग वाजायच्या आधी रेडिओतून ‘टर्रर्र टर्रर्र’ आवाज यायचा. फोनला टॉवरनं हाक मारलेली असायची आणि फोन उत्तर देत असायचा. पहिलं उत्तर तो मोठ्यानं द्यायचा, कारण किती जोर लागेल याचा अंदाज तोवर नसायचा. जोडणी झाली की आवाज उतरवायचा. थ्री-जीमध्ये तर टॉवर एका सेकंदात १५०० वेळा फोनला ताकद कमी-जास्त करायला सांगायचा.

आजच्या फोर-जी फोनची नेहमीची कमाल ताकद २०० मिलिवॉट, म्हणजे वॉटचा पाचवा हिस्सा. टॉवर अगदी जवळ असेल तर हाच फोन मिलिवॉटच्या दहा हजाराव्या भागापर्यंत खाली उतरू शकतो. दोन टोकांमध्ये वीस लाख पटींचा फरक आहे. ही हवेत जाणारी ताकद झाली. ती तयार करायला फोनमधला अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज खेचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. गावात फोनवर दहा मिनिटं बोललं की कान तापतो तो त्यामुळंच.

अंतराचा हिशोबही सरळ नाही. मोकळ्या माळावर टॉवरपासूनचं अंतर दुप्पट झालं तर चौपट ताकद लागते. पण झाडं, घरं, डोंगर मधे आले की दुप्पट अंतराला दहा ते सोळा पट ताकद लागते. हाटकेशला इमारतींच्या गच्च्यांवर आणि रस्त्याकडेच्या खांबांवर जागोजागी अँटेना आहेत, म्हणून फोन कुजबुजून काम भागवतो. महामार्गानं मनोरपर्यंत जाऊन विक्रमगडच्या रस्त्याला लागलं की टॉवर विरळ होतात. जव्हारच्या पुढं घाट सुरू झाला की डोंगराची एक धार मधे आली तरी रेंज जाते. पाडा दरीत असेल तर टॉवर नकाशावर जवळ दिसला तरी फोनच्या दृष्टीनं तो लांबच असतो.

हाटकेशमधेही सगळीकडं सारखं नाही. पत्र्याच्या गाळ्यात आत मशीनजवळ बसलेल्या कामगाराच्या फोनला बाहेरच्या रस्त्यावरच्या फोनपेक्षा जास्त ओरडावं लागतं. पत्रा लहरी परत फिरवतो. लिफ्टमध्ये आणि तळघराच्या पार्किंगमध्ये फोन गरम होतो त्याचंही कारण तेच.

काड्या दिसतात, पण समोरच्याला ऐकू जात नाही

गावात नेहमीचा अनुभव म्हणजे फोनवर दोन काड्या दिसतात, समोरच्याचा आवाज येतो, पण आपला आवाज त्याला जात नाही. ‘हॅलो, हॅलो’ करून माणूस वैतागतो. काड्या फक्त एक बाजू दाखवतात, टॉवरचं बोलणं फोनला किती चांगलं ऐकू येतं ती. टॉवरवरचं यंत्र वीस, चाळीस वॉट किंवा त्याहूनही जास्त ताकदीनं बोलतं. फोनकडं वॉटचा पाचवा हिस्सा. टॉवरच्या अँटेना मोठ्या आणि उंच असल्यामुळं त्या बारीक आवाजही टिपतात, तरी सीमेवर पहिल्यांदा कमी पडतो तो फोनच. तिथं तो पूर्ण ताकद लावून बसतो. काड्या दोन दिसल्या तरी बॅटरीला तिथं पूर्ण मार बसत असतो.

रस्ता खराब तर टेम्पो हळू

ताकद वाढवणं हा एक उपाय. दुसरा उपाय म्हणजे वेग कमी करणं. फोर-जीमध्ये टॉवर आणि फोन हवेची परिस्थिती बघून ठरवतात की एका खेपेत किती माल भरायचा. रेंज फार चांगली असली तर एका खेपेला आठ बिट. जरा कमी असली तर सहा, मग चार, आणि अगदी कमजोर असली तर दोनच. शिवाय कमजोर रेंजमध्ये तोच माल पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, म्हणजे वाटेत काही सांडलं तरी उरलेल्यावरून पुरं करता येतं. हा निर्णय टॉवर सेकंदाच्या हजाराव्या भागात एकदा, अशा वेगानं बदलत असतो.

टेम्पोवाला डांबरी रस्त्यावर पूर्ण भरून सुसाट जातो, खडीच्या रस्त्यावर अर्धा माल भरून हळू जातो, तसाच हा प्रकार. माल पोचतो, पण खेपा जास्त होतात. गावातून एक मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला हाटकेशपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तेवढा सगळा वेळ फोन पूर्ण ताकदीनं बोलत असतो. ताकदही जास्त आणि वेळही जास्त, अशी दुहेरी वसुली होते. गावी गेल्यावर बॅटरी ‘पळते’ याचा मोठा भाग इथं आहे.

फोन वाचवतो कुठं तेही बघायला हवं. समोरचा बोलत असताना आपला फोन जवळजवळ गप्प असतो, मधूनमधून फक्त एखादी खूण पाठवतो. संभाषणात एक जण बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, त्यामुळं निम्मा वेळ तरी वाचतो. (ज्यांच्या घरी एकच जण बोलतो त्यांचा हिशोब वेगळा.) खिशात असताना फोन सतत कान लावून बसत नाही. फोर-जीत तो पाव-अर्ध्या सेकंदापासून अडीच सेकंदांपर्यंतच्या ठरलेल्या अंतरानं जागा होतो, टॉवरनं आपलं नाव पुकारलं का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. आपण फोन लावला की समोर रिंग जायला दोन-तीन सेकंद लागतात, त्यातला काही वेळ या झोपेचा असतो.

या झोपेची मोड करणारी एक गोष्ट आहे. काही पाठवलं किंवा आलं की फोनचा रेडिओ लगेच झोपत नाही. अजून काही येईल म्हणून साधारण दहा सेकंद जागा राहतो, कंपनीच्या सेटिंगप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे सकाळी पंधरा ग्रुपवरून मिनिटा-मिनिटाला एकेक ‘शुभ सकाळ’ येत राहिलं तर फोनला झोपच मिळत नाही. पंधरा फोटो एकदम आले असते तर खर्च बराच कमी झाला असता.

वाफसा बघून पाठवणं : पवईत झालेलं काम

हाटकेश संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या एका अंगाला आहे, पवई दुसऱ्या अंगाला. पवईच्या आयआयटी मुंबईत या प्रश्नाच्या मुळाशी जाणारं काम झालं आहे. तिथले प्राध्यापक अभय करंदीकर, टीआयएफआर या संशोधन संस्थेतले गणितज्ञ विवेक बोरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध मे २००८ मध्ये आयईईई या जागतिक संस्थेच्या नियतकालिकात आला. विषय असा, की रेंज सारखी वरखाली होत असताना फोननं कधी पाठवावं आणि कधी थांबावं, म्हणजे बॅटरी कमीत कमी खर्च होईल पण निरोपाला फार उशीरही होणार नाही.

शेतकऱ्याला हे सांगायला गणित लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर लगेच कुणी नांगर घालत नाही. चिखलात बैल थकतात, ट्रॅक्टर रुततो, डिझेल दुप्पट जातं. जमिनीला वाफसा येईपर्यंत थांबतात. वाफसा आला की तेच काम निम्म्या कष्टात होतं. पण थांबायलाही मर्यादा असते. वाफशाची वाट बघता बघता पेरणीचे दिवस निघून गेले तर काय उपयोग? म्हणून थोडी वाट बघायची, आणि दिवस संपत आले तर थोडा चिखल असला तरी काम उरकायचं.

फोनसमोर हाच पेच असतो. रेंज सेकंदा-सेकंदाला बदलते. माणूस दोन पावलं सरकला, समोरून एसटी गेली, तरी हवेत फरक पडतो. रेंज चांगली असलेल्या क्षणी माल पाठवला तर थोड्या ताकदीत जातो. वाईट क्षणी रेटला तर बॅटरी जाते. शिवाय घाईलाही किंमत आहे. तेवढ्याच वेळात दुप्पट माल पाठवायचा म्हटलं तर दुप्पट ताकदीत भागत नाही, त्याहून जास्त लागते. म्हणून जे थांबू शकतं ते थांबवून, सावकाश, चांगल्या क्षणी पाठवणं फायद्याचं. जे थांबू शकत नाही, जसं चालू फोनवरचं बोलणं, त्याला ताकद लावावीच लागते.

अडचण अशी की पुढच्या क्षणी रेंज कशी असेल हे फोनला माहीत नसतं. हवामान खात्याचा अंदाज असतो तसा रेंजचा अंदाज कुणी देत नाही. मुंबईच्या या मंडळींनी मांडलेली पद्धत अनुभवातून शिकणारी आहे. आधी काहीच माहीत नसलं तरी चालतं. पाठवत जायचं, साठलेला माल किती आहे आणि रेंज कशी आहे ते बघत जायचं, आणि त्यावरून आपला नियम सुधारत न्यायचा. नव्या जमिनीत पहिल्या वर्षी अंदाज चुकतो, चौथ्या वर्षी माणूस माती हातात घेऊन सांगतो, तसं. हातातल्या प्रत्येक फोनमध्ये नेमकी हीच पद्धत बसवलेली आहे असा याचा अर्थ नाही. जगभर या विषयावर पुष्कळ काम झालं, त्यातलं हे एक, आणि ते इथलं आहे. करंदीकर पुढं २०१८ मध्ये आयआयटी कानपूरचे संचालक झाले आणि २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव.

त्यांच्याच गटाचं दुसरं काम पालघर जिल्ह्यातल्या वाचकांना जास्त जवळचं वाटेल. ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पात टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या असलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरून खेड्यांना इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग पालघरच्या सात गावांत झाला. खामलोली त्यातलं एक, आणि जांभळांसाठी नाव असलेलं बहाडोली दुसरं. या खालच्या लहरी झाडीतून आणि चढ-उतारातून वरच्या लहरींपेक्षा चांगल्या जातात, त्यामुळं तेवढ्याच ताकदीत लांब पोचतात. २०१७ मध्ये मोझिला या संस्थेच्या स्पर्धेत हा प्रकल्प विजेता ठरला. हे काम ज्या जिल्ह्यात झालं, तिथल्याच कित्येक पाड्यांवर माणसं अजून फोन लावायला टेकडीवर चढतात, हेही खरं.

लहरींचा हा फरक मोबाईल कंपन्यांनाही लागू आहे. ७०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत येतात. २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर वेग जास्त मिळतो पण त्या लवकर विरतात. देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या फाईव्ह-जीचा मोठा भाग ३३०० वर चालतो. हाटकेशला जवळजवळच्या अँटेनांमुळं ते जमतं. गावात फाईव्ह-जीची कड येऊन जाऊन असेल तर फोन सारखा फाईव्ह-जी आणि फोर-जीमध्ये उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला बॅटरी लागते.

टॉवरलाही झोप लागते

वीज फक्त फोनची जात नाही. टॉवरच्या यंत्रात सगळ्यात जास्त वीज अ‍ॅम्प्लिफायर खातो. म्हणून रात्री गिऱ्हाईक कमी झालं की टॉवर काही लहरी बंद करतो, काही अँटेना झोपवतो आणि सकाळी पुन्हा जागा होतो. हाटकेशसारख्या ठिकाणी दिवसा गाळ्यांमध्ये गर्दी, रात्री बिल्डिंगांमध्ये, म्हणजे गर्दी जागा बदलते आणि नेटवर्कला तिच्यामागं फिरावं लागतं.

खेड्यात प्रश्न वेगळा आहे. लाईट गेली की टॉवर आधी त्याच्या बॅटरीवर, मग असेल तर डिझेल जनरेटरवर चालतो. बॅटरीवर असताना जास्त वीज खाणाऱ्या लहरी आधी बंद करून साधं बोलणं शेवटपर्यंत चालू ठेवायची सोय यंत्रणेत असते. त्यामुळं लाईट गेल्यावर काही गावांत आधी नेट मंदावतं, नंतर बोलणं तुटतं, शेवटी रेंजच जाते. त्या क्रमावरून टॉवरची बॅटरी कुठवर आली याचा अंदाज बांधता येतो. डिझेलवरचा भार कमी व्हावा म्हणून दूरसंचार विभागानं जानेवारी २०१२ मध्येच कंपन्यांना सांगितलं होतं, की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले ५० टक्के आणि शहरातले २० टक्के टॉवर सौर वगैरे जोड विजेवर न्यावेत. आपल्या गावच्या टॉवरजवळ सोलर पॅनेल आहे का, ते वाचकांनी जाता-येता स्वतःच बघावं.

पावसाळ्यात आणखी एक कोडं पडतं. रेंज पूर्ण दिसते, पण नेट बंद. मोबाईलच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही, ओली झाडी मात्र थोडी अडवते. अडचण टॉवरच्या पाठीमागं असते. ज्या टॉवरला फायबर नाही, तो अंगावरच्या ढोलासारख्या गोल डिशनं दुसऱ्या टॉवरशी बोलतो. त्या लहरी बऱ्याचदा दहा हजार मेगाहर्ट्झच्याही वरच्या असतात आणि पावसाचे थेंब त्यांना गिळतात. मुसळधार सुरू झाला की ही डिश आपोआप ताकद वाढवते, तरी भागलं नाही तर वेग उतरवते, अगदीच झालं तर जोडणी सुटते. फोन आणि टॉवर यांच्यात जे चालतं तेच टॉवर आणि टॉवर यांच्यातही चालतं.

टॉवर नको म्हणणाऱ्यांसाठी

गावात टॉवर यायचा म्हटला की ‘लहरींनी त्रास होतो’ म्हणून विरोध होतो. भीती समजण्यासारखी आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. त्याच तारखेपासून फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची मर्यादा किलोला १.६ वॉट आहे. फोनवर *#०७# दाबलं की त्या फोनचा आकडा दिसतो. टॉवर जितका लांब, तितका कानाला लावलेला फोन जोरात ओरडतो. टॉवर गावाबाहेर घालवला तर कानाजवळचा ओरडणारा फोन तसाच राहतो, उलट त्याचा जोर वाढतो. जागा, भाडं, जनरेटरचा आवाज यांवर ग्रामसभेत जरूर भांडावं, पण हा हिशोब समोर ठेवून. सरकारच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर बघता येतात.

घरात कुठं, कसं

काड्यांवर विसंबू नये. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस उघडलं की सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा दिसतो. काही फोनमध्ये जागा थोडी इकडं-तिकडं असते. आकडा उणे असतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर चांगलं, उणे १०० ला काम भागतं, उणे ११० च्या पुढं फोन धापा टाकतो, उणे १२० ला रेंज असून नसल्यासारखी. यात दहाचा फरक म्हणजे दहापट ताकद आणि वीसचा फरक म्हणजे शंभरपट. फोन हातात घेऊन ओटी, पडवी, माजघर, माळा असं फिरावं आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबून आकडा बघावा. कौलारू घरात आणि पत्र्याच्या घरात मोठा फरक दिसतो. माजघरात उणे ११५ आणि पडवीच्या खांबाजवळ उणे ९५ आला, तर फोन खांबाला पिशवीत टांगून ठेवणं हा बॅटरी वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. लोखंडी कपाटात, पत्र्याच्या पेटीत किंवा स्टीलच्या डब्यात चालू फोन ठेवू नये.

दोन सिम असतील आणि एका कंपनीची गावात रेंजच नसेल, तर ते सिम सेटिंगमधून बंद करावं. नाहीतर फोन दिवसभर त्या कंपनीचा टॉवर शोधत सगळ्या लहरी धुंडाळत बसतो. न सापडणारी वस्तू शोधण्यातच जास्त दम जातो. फाईव्ह-जीची कड येत-जात असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये फोर-जी निवडावं. फोर-जीचे फोनही अनेक गावांत फोर-जीवरूनच लागतात, त्यामुळं ते बंद करून टू-जीवर जायच्या भानगडीत पडू नये.

मोठे व्हिडिओ, फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ, पीक पाहणीचे फोटो हे सगळं थांबू शकणारं काम आहे. बाजाराच्या दिवशी तालुक्याला किंवा टेकडीवरच्या चांगल्या जागेवर गेल्यावर पाठवावं. व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाऊनलोड आणि फोटोंचा बॅकअप मोबाईल डेटावर बंद ठेवावा. शेतावर किंवा जंगलात रेंज अजिबात नसेल तिथं फ्लाईट मोड टाकावा. फोन तसाही येणार नसतो, आणि घड्याळ, अलार्म, बॅटरीचा उजेड चालू राहतो. वर चढून रेंज आल्यावर तो मोड काढायला विसरू नये.

अडचणीच्या वेळी एक गोष्ट उपयोगी पडते. आपल्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या एखाद्या कंपनीचा टॉवर ऐकू येत असेल, तर फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशा अर्थाची ओळ दिसते. अशा वेळी १०८ लागेलच असं नाही. ११२ लावावा, तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो, आणि पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका तिन्हींची मदत त्यावरून मागता येते. फोन लावण्याआधी घरात जिथं आकडा चांगला येतो तिथं जाऊन उभं राहावं, म्हणजे तीन टक्क्यांतही गावाचं नाव, पाड्याचं नाव आणि रस्त्यावरची खूण सांगून होईल.